मॉरिशसला नेता, तर मॉरिशस दाखवा

मॉरिशसला सहली नेणाऱ्या सर्व मराठी पर्यटन कंपन्यांच्या चालकांना,

स.न.वि.वि.

मी चिपळूणची. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून आम्ही दोघं नवरा-बायको गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर मॉरिशसला जाऊन आलो. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. घरी आल्यावर मी अशा आठ-दहा सहलींची पत्रकं मागवून वाचली आणि सगळीकडे जवळजवळ तोच कार्यक्रम दिसला, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

जेवण उत्तम होतं. सकाळी पोहे, रात्री वरणभात, सासूबाईंच्या वयाच्या मंडळींची आपुलकीने काळजी. त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते दुसऱ्या दिवशीबद्दल. त्या दिवशी आम्हाला बसने दोन तास नेऊन एका प्राणिउद्यानातले सिंह दाखवले. सिंह, झेब्रे, शहामृग. आमच्या गटातल्या एका लहान मुलीने घरी फोन करून सांगितलं, "आजी, मॉरिशसमध्ये सिंह असतात!" त्या बेटावर माणूस पोचण्यापूर्वी जमिनीवरचा एकच सस्तन प्राणी होता, वटवाघूळ. इतक्या लांब समुद्र ओलांडून फक्त त्यालाच येता आलं. सहा दिवसांत वटवाघळांबद्दल आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नाही, आणि ती मुलगी मॉरिशसमध्ये सिंह असतात असं समजून परतली. बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला हे किती लागलं असेल, ते तुम्ही समजू शकाल.

तुमची बस उसाच्या शेतांमधून जाते तेव्हा मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. कुठे नीट रचलेले, पायऱ्या-पायऱ्यांचे. आमच्या गाडीत कोणीतरी विचारलं, हे काय आहे? गाईड म्हणाला, शेतातले दगड. उत्तर बरोबरच होतं, पण दोन वाक्यं पुढे जायला हवं होतं. तो दगड म्हणजे बसाल्ट, आपला काळा पाषाण. रायगड ज्यावर उभा आहे तोच. आणि नुसता त्याच जातीचा नव्हे, तर बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते त्याच चुलीतून आलेला.

मी वर्गात सांगायचे तसं सांगते. चूल जागच्या जागी आहे आणि तिच्यावरून तवा सावकाश सरकवत नेला, तर तव्याला ओळीने डाग पडत जातील. हिंदी महासागराच्या तळाखाली, खूप खोल, अशी एक चूल आहे. तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग तिच्यावर होता, तेव्हा लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. आजही त्याचं क्षेत्र 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मग भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि चूल मागे मागे डाग पाडत गेली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही सगळी त्या ओळीतली. अलीकडे, म्हणजे सुमारे 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्राबाहेर आलं. त्याहून धाकटं रियुनियन, जेमतेम 20-30 लाख वर्षांचं. सह्याद्री थोरला, रियुनियन शेंडेफळ. मॉरिशस, रियुनियन आणि पूर्वेला एकटं पडलेलं चिमुकलं रॉड्रिग्ज, या तिघांना मिळून मस्कारेन बेटं म्हणतात. नाव पडलं ते पेद्रू मश्करेन्यश या पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून. हाच पुढे 1554 मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि गोव्यातच वारला.

ही चूल अजून पेटलेली आहे. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. फुर्नेज म्हणजे भट्टी. 1977 मध्ये त्याचा लाव्हा एका गावात शिरला, घरं गिळत चर्चच्या दारापर्यंत आला आणि तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी पुढे गेला. ते चर्च आजही उभं आहे, भोवती थिजलेला काळा लाव्हा घेऊन. त्याच बेटावर पितों दे नेज हे 3,071 मीटर उंचीचं शिखर आहे, आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. आणि पाऊस! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. रियुनियनच्या फॉक-फॉक या जागी जानेवारी 1966 मध्ये एका चक्रीवादळात चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पडला. चोवीस तासांचा तो जागतिक विक्रम आहे.

हे सगळं सांगायला बसमध्ये किती वेळ लागतो? मी मोजलं आहे, बारा मिनिटं. विमानतळ ते हॉटेल प्रवास एका तासाचा असतो, आणि त्यात आम्ही अंताक्षरी खेळलो. अंताक्षरीला माझा विरोध नाही. ती बारा मिनिटांनंतरही खेळता येते.

शामारेलच्या सात रंगांच्या मातीपाशी तुम्ही प्रत्येक गटाला नेता, ते चांगलंच करता. तिथे आमच्या गटातले कोकणातले एक काका कठड्यावर ओणवून म्हणाले, "हा तर आपला जांभा, फक्त दळलेला." मला त्या काकांना मिठी मारावीशी वाटली. बसाल्टवर हजारो पावसाळे कोसळले, विरघळणारं ते वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. आमच्याकडे त्याचा चिरा झाला, तिथे रंगीत टेकड्या. चिपळूणच्या आमच्या घराच्या भिंती आणि ते पर्यटनस्थळ एकाच कुळातले आहेत. गाईडने मात्र आम्हाला सांगितलं की हे का झालं ते कुणालाच ठाऊक नाही.

आता डोडो. डोडो तुम्ही विकता: कीचेन, टोपी, टॉवेल. त्याची गोष्टही सांगा. तो कबुतराच्या कुळातला. जिवंत पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग आपल्याच देशात, अंदमान-निकोबारात आहे: निकोबारी कबूतर. शिकार करणारा एकही सस्तन प्राणी नसलेल्या बेटावर उडायची गरज उरली नाही, पंख आखडले, देह वाढला. मादी जमिनीवर एकच अंडं घालायची. 1598 मध्ये डच उतरले. त्यांनी सगळे डोडो मारून खाल्ले असं आपण ऐकतो, पण खरा घात जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी केला, आणि काळ्या आबनुसासाठी तोडलेल्या जंगलाने. त्या काळात दोन डोडो सुरतेला आणलेले होते, पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ते पाहून लिहून ठेवलं आहे. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं चित्र तर आजही पाहायला मिळतं, आणि डोडोच्या अस्सल चित्रांत ते फार मोलाचं समजतात. शेवटचा डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली नोंद 1662 ची. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या दोन वर्षं आधीची. ही सनावळी ऐकली की मराठी माणसाला तो पक्षी किती अलीकडचा होता ते कळतं. पुराणातला नाही, जवळजवळ बखरीतला.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो माझ्या फार जवळचा आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लोक डोडो ही दंतकथाच आहे म्हणू लागले होते. माहेबूरला जॉर्ज क्लार्क नावाचा एक शाळामास्तर होता. त्याने जवळजवळ तीस वर्षं डोडोची हाडं शोधली. 1865 मध्ये विमानतळाजवळच्या मार ओ सोंज या दलदलीत त्याने मजुरांना कमरेइतक्या पाण्यात उतरवलं, आणि त्यांनी उघड्या पायांनी चिखल चाचपत पहिली हाडं शोधून काढली. जगभरच्या संग्रहालयांतले डोडोचे बहुतेक सांगाडे त्या दलदलीतून आले. क्लार्कचं नाव राहिलं, मजुरांची नावं कुणी लिहिली नाहीत. पण 1865 च्या मॉरिशसमध्ये असे मजूर बहुतांशी हिंदुस्थानातून गेलेले होते. त्यांतला एखादा पाय आमच्या रत्नागिरीकडचाही असू शकतो, असं मला त्या दलदलीच्या बाजूने बस गेली तेव्हा वाटत राहिलं. बस थांबली नाही.

डोडो एकटा गेला नाही. रॉड्रिग्जवरचा सॉलिटेअर हा त्याचा चुलतभाऊ गेला. मस्कारेन बेटांवर महाकाय कासवांच्या पाच जाती होत्या, पाचही गेल्या. जहाजांवर ती जिवंत शिदोरी म्हणून हजारोंनी भरून नेली. आणि त्या जागी आलं कोण? हॉटेलच्या बागेत आमच्या टेबलावर साळुंकी आली तेव्हा सगळे खूश झाले, अगदी घरच्यासारखं वाटतंय म्हणाले. साळुंकी आपल्याकडचीच. अठराव्या शतकात टोळ खायला म्हणून नेलेली. लाल बुडाचा शिपाई बुलबुल आपला, मुंगूस आपलं, कंठवाला पोपटही आपला. हे सगळे तिथे उपरे आहेत आणि तिथल्या मूळ जिवांची घरटी, फळं, पिल्लं यांवर जगतात. मॉरिशसचा स्वतःचा एक हिरवा पोपट आहे, एको पोपट. 1980 च्या दशकात तो डझनभर उरला होता. मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

पण मला तुमच्याकडे रडगाणं घेऊन यायचं नाही. मॉरिशसची जी गोष्ट तुम्ही विकायला हवी आणि विकत नाही, ती आनंदाची आहे. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा एक छोटा शिकारी पक्षी आहे, झाडावरच्या हिरव्या पाली खाणारा. 1974 मध्ये साऱ्या जगात त्याचे चार पक्षी माहीत होते. चार! 1979 मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तिथे गेला. त्याची युक्ती आपल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना लगेच कळेल: घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं हाताने भरवायची, जंगलात लाकडी पेट्यांची घरटी बांधायची, खाणं पुरवायचं. आज ते पक्षी शेकड्यांत आहेत. गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास रानात दहाएक उरलं होतं, आता चारशेहून जास्त आहे. एको पोपट सातशेच्या पुढे. एवढ्याशा देशाने एवढे पक्षी मरणाच्या दारातून परत आणले, हे कुठल्या पत्रकात छापलेलं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही सगळे क्युरपीपला नेता. त्रू ओ सेर्फच्या विवरापाशी फोटो, मग लाकडी जहाजांच्या दुकानात दीड तास. आमचे ते दीड तास मी आणि यजमान टॅक्सी करून तिथल्या वनस्पती उद्यानात गेलो. तिथे एक ताड आहे. त्याच्या जातीचं जगात ते एकच झाड उरलं आहे. दुसरं कुठेही नाही. त्याला नर-मादी फुलं येतात, पण ती वेगवेगळ्या वेळी उमलतात, आणि परागकण द्यायला दुसरं झाडच नाही. सुपारीसारखं उंच, किडकिडीत खोड, वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती लोखंडी सांगाडा. बागेत शाळेची मुलं डबा खात बसली होती. झाडाजवळ कोणी नव्हतं. यजमान अर्धा तास काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "याला काय वाटत असेल?" आम्ही दुकानापाशी परतलो तेव्हा मंडळी अजून जहाजांचा भाव करत होती. ते उद्यान आणि तो बाजार एकाच गावात आहेत.

आणि आता मूळ मुद्दा. आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूरजवळ, इल ओ एग्रेट नावाचं 26 हेक्टरांचं एक बेटुकलं आहे. विमानतळापासून धक्का अगदी जवळ, पुढे होडीने काही मिनिटं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं आणि गाईड देऊन हिंडवून आणतं, दोनएक तास. सहाव्या दिवशी आमच्या कार्यक्रमात "खरेदीसाठी मोकळा वेळ" होता. मी टूर मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "काकू, तिथे नुसती झुडपं आहेत, आपलं कोणी जात नाही." मी हट्ट धरला तेव्हा स्वतःच्या जबाबदारीवर गट सोडत असल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं. दिलं लिहून.

तिथे झुडपंच आहेत. आबनुसाची, आपल्या टेंभुर्णीच्या गोत्रातली. डचांनी तोडली, नंतरच्यांनी सरपणाला नेली, आता तण उपटून पुन्हा वाढवलेली. पाणथळ मातीचा वास, पायाखाली टोकदार प्रवाळखडक, आणि वाटेच्या मधोमध एक भलंमोठं कासव पानं चावत बसलेलं. ते मूळचं तिथलं नाही. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटांवरचं, गेलेल्या जातींच्या जागी 2000 सालापासून सोडलेलं. आमच्या गाईड मुलीने काडीने त्याची वाळलेली लीद उकलून दाखवली, आत आबनुसाच्या बिया. कासवाच्या पोटातून आलेली बी जास्त चांगली रुजते. तिने दोन पावलं पुढे बोट दाखवलं, तिथे वीतभर उंचीची चार रोपं उभी होती, कुणी न लावलेली. मी गुडघे टेकून बघत होते तेवढ्यात डोक्यावरच्या फांदीवर फडफड झाली. गुलाबी कबूतर. छाती फिक्या गुलाबाच्या पाकळीसारखी, शेपूट तांबूस, पायात रंगीत कडी. ते आमच्याकडे बघून मान वाकडी करत राहिलं, उडालं नाही. माणसाला न भिणारा तो पक्षी बघून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

मघाशी अल्डाब्राची कासवं म्हटलं. तीही जायच्या बेतात होती. 1874 मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की यांना वाचवा. पत्रांचा उपयोग होतो, असं मी त्यानंतर मानायला लागले आहे.

या बेटुकल्यावर मोठं संकटही येऊन गेलं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे 1,000 टन तेल सांडलं. गावकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवलं. बायकांनी केस कापून दिले. दुर्मिळ सापसुरळ्या आणि रोपं उचलून हलवावी लागली. आमची गाईड तेव्हा शाळेत होती, तीही पाला भरत होती.

आता माझ्या मागण्या ऐका. एक सकाळ इल ओ एग्रेटसाठी द्या. चाळीस जणांचा लोंढा एकदम नेऊ नका, संस्था सांगेल तेवढ्यांच्या तुकड्या करा. कास पठारावर गर्दीने काय झालं ते आपण पाहिलं आहे. बंदिस्त कासवांच्या पाठीवर मुलांना बसवून फोटो काढायला लावणं बंद करा. लिचीच्या मोसमात वटवाघळांना उपद्रवी म्हणण्याआधी गाईडला एवढं शिकवा की 2015-16 मध्ये फळबागांसाठी सुमारे 40,000 वटवाघळं मारली गेली आणि 2018 मध्ये ती जात संकटग्रस्त ठरली. मूळ जंगलातल्या कितीतरी झाडांच्या बिया तीच पेरतात.

आणि पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर दहा मिनिटं नव्हे, तासभर थांबा. 1834 पासून जवळजवळ पाच लाख माणसं मजुरीसाठी त्या घाटाने आत गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आमच्या कोकणातली बरीच होती. दगड उचलला की खाली सोनं सापडेल, असं त्यांना सांगितलं जाई. त्यांनी दगड उचलले, ते ढीग अजून शेतांत उभे आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. ते झाकरी नाचतात, आमच्या जाखडीचंच रूप. आमच्या गटाला त्यांच्यापैकी एकही माणूस भेटवला नाही, मराठी गाणी म्हणायला मात्र हॉटेलात कार्यक्रम ठेवला.

पैशाचं म्हणाल, तर सिंहांच्या तिकिटात इल ओ एग्रेट बसू शकेल असा माझा अंदाज आहे. तुम्ही हिशेब मांडून बघा. मराठी माहिती हवी असेल तर मी लिहून देते, फुकट. बसमध्ये वाचायचं बारा मिनिटांचं टिपण तयारच आहे, वयस्कर माणसांना दिसेल अशा मोठ्या अक्षरात.

माझ्या नणंदेने येत्या हिवाळ्यासाठी तुमच्यापैकी एकाकडे नाव नोंदवलं आहे. तिच्या पत्रकात सहाव्या दिवसापुढे अजूनही "खरेदीसाठी मोकळा वेळ" लिहिलेलं आहे. ती तारीख यायला पुष्कळ अवकाश आहे. तेवढी एक ओळ बदला.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चिपळूण